सम्यक यायचा आहे

भांडुपच्या टेकडीवर आमच्या संस्थेची जी मराठी शाळा आहे, तिच्या सातवीच्या वर्गात दर शुक्रवारी एक प्रश्नांचा खेळ चालत असे. भिंतीवरच्या पडद्यावर प्रश्न उमटे, त्याखाली चार रंगांत चार उत्तरे, आणि शेजारी उलटे चालणारे घड्याळ. प्रत्येक मुलाच्या हातात देणगीतून मिळालेला टॅब असे. त्यावर बोट टेकवून ज्याने त्याने आपले उत्तर द्यायचे. जो आधी उत्तर देईल त्याला गुण अधिक, अगदी शेवटी देणाऱ्याला नाममात्र. सर्वांची उत्तरे येताच, अथवा घड्याळ संपताच, बरोबर उत्तर दिसे आणि क्रमवारी झळके. या खेळाने मुले खरोखर शिकतात, की त्यांची केवळ करमणूक होते, हे पाहून संस्थेला अभिप्राय द्यावा, असे काम माझ्याकडे आले.

मी उभा जन्म संस्कृत शिकवण्यात घालवलेला, निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटलेला. संस्थेचा चिटणीस विद्याधर हा माझा जुना विद्यार्थी. तो मुलुंडला माझ्या घरी आला तेव्हा मी त्याला हीच अडचण सांगितली.

“सर, विकणारे म्हणतात झकास आहे, आणि शिक्षकांना तर तो हवाच आहे,” तो म्हणाला. “मला असा माणूस पाहिजे ज्याला यातलं काहीएक कळत नाही.”

“मग तू योग्य दारी आलास,” मी म्हणालो.

अभिप्राय अनुकूल आला, तर पुढल्या वर्षी संस्था पैसे भरून तो खेळ सर्व वर्गांसाठी घेणार होती. तूर्त जो चाले तो फुकटचा होता, आणि फुकटच्या खेळात एका वेळी चाळीसच नावांना प्रवेश होता. ही गोष्ट विद्याधरने जाता जाता सांगितली आणि मी ती जाता जाता ऐकली.

पहिल्या शुक्रवारी मी वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. वर्गशिक्षिका दर्शनाबाई तरुण, चटपटीत. परंतु मुलांशी बोलताना त्यांच्या स्वरात एक मऊपणा होता, तो मला आवडला. त्यांनी खेळात शिरण्याचा क्रमांक पडद्यावर आणला. गैरहजर मुलांनाही घरून खेळता यावे म्हणून तोच क्रमांक त्या पालकांच्या गटावरही पाठवीत. पडद्यावर एकेक नाव फुलासारखे उमलू लागले. सुबोध. श्रुतिका. विकी. मुलांची नावे अशी उमलताना पाहणे मला नवे होते, आणि खोटे कशाला सांगू, सुखाचेही होते.

दर्शनाबाईंनी आरंभ करण्यासाठी हात पुढे केला, तोच दोन-तीन बाकांवरून एकदम आवाज आला.

“टीचर, थांबा ना! सम्यक यायचाय.”

त्या थांबल्या. मी दाराकडे पाहिले. दारात कोणी नव्हते. वर्ग मात्र दाराकडे न पाहता पडद्याकडे पाहत होता. थोड्या वेळाने पडद्याच्या तळाशी ‘सम्यक’ असे नाव उमटले.

“आला, आला! चला!”

मी समजलो, की एखादा उशिरा येणारा मुलगा मागच्या दाराने आत शिरला असेल.

खेळ सुरू झाला. माझ्या लक्षात एक गोष्ट आली. प्रत्येक प्रश्नाला पुरते एक मिनिट होते. मुलांची बोटे मात्र त्याच्या पाव वेळातच टेकून मोकळी होत. पडद्याच्या कोपऱ्यात किती उत्तरे आली तो आकडा दिसे, आणि दर वेळी एकच उत्तर यायचे उरे. त्या एका उत्तरासाठी घड्याळ चालत राही, आणि वर्ग वाट पाहत राही. परंतु ही मुले गप्प बसून वाट पाहणारी नव्हती.

“पानातून वाफ जाते, खोडातून नाही रे.”

“खोडाला पण भोकं असतात. मी बघितलीत.”

“ती किड्यांनी पाडलेली, येड्या! टीचरनी झाडाला पिशवी बांधली होती ना? पानांना बांधली होती ना? मग पाणी कुठून आलं आत?”

“हां यार… वाट लागली. मी खोड दाबलं.”

मग ते शेवटचे उत्तर येई, आणि खेळ पुढे सरके. संपूर्ण तासभर असेच चालले. सर्वांत शेवटचे ते उत्तर सम्यकचे, हे मला हळूहळू उमगले. आणि त्या दिवशी त्याचे एकही उत्तर चुकले नाही, हेही.

तास संपला तेव्हा दर्शनाबाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी उठलो. “बाळांनो, तुमच्यातला सम्यक कोण? त्याला जराही घाई नाही, आणि म्हणूनच त्याची चूकही नाही. असा विद्यार्थी मला फार दिवसांनी भेटला. उभा राहा पाहू, बाळ. मला तुला डोळे भरून पाहू दे.”

कोणी उभे राहिले नाही. बाहेरच्या चढावर एक रिक्षा कण्हत होती. सुबोध नावाचा मुलगा म्हणाला, “सर, तो…” आणि थबकला. श्रुतिकेने त्याचे वाक्य आपल्या परीने पुरे केले. “तो इथून नाही खेळत, सर.”

“टॅब ठेवा जागेवर,” दर्शनाबाई म्हणाल्या. “एकामागून एक.”

शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मला सारे सांगितले. सम्यक याच वर्गातला. ऑगस्ट महिन्यात त्याला ताप भरला आणि आठवडाभर रुग्णालयात राहून तो गेला. त्या आठवड्यातल्या शुक्रवारीही तो खेळला होता. हाताला सलाईन असल्याने त्याने खाटेवर पडून उत्तर सांगायचे आणि आईने ते मोबाईलवर टेकवायचे. पुढचा शुक्रवार आला तेव्हा पालकांच्या गटातून त्याच्या आईचे नाव काढायचे दर्शनाबाईंना सुचले नाही, अथवा धैर्य झाले नाही. क्रमांक गेला. आणि भरल्या वर्गाच्या देखत पडद्यावर ‘सम्यक’ हे नाव उमटले.

“मुलं रडली?” मी विचारले.

“नाही सर. रडले मी. मुलं म्हणाली, काकू आल्यात, सुरू करा.”

आई शीतलताई मुलुंडला पोळीभाजीचे केंद्र चालवीत. शुक्रवारची ती वेळ डबे भरण्याची, हात कणकेत. हात पुसून बोट टेकवीपर्यंत वेळ संपे. आरंभी घड्याळ वीस सेकंदांचे होते. दर्शनाबाईंनी ते एका मिनिटाचे केले आणि त्याचे कारण कोणालाच सांगितले नाही. पहिले काही शुक्रवार शीतलताईंची उत्तरे बहुधा चुकत. त्या स्वतः आठवीपर्यंत शिकलेल्या. पुढे त्या मुलाची पुस्तके उघडून बसू लागल्या, आणि उत्तरे बरोबर येऊ लागली.

मी चहा तसाच ठेवून उठलो.

त्या दिवशी घरी परतताना मला माझी पाठशाळा आठवली. संथा देताना आमचे शास्त्रीबुवा एक चरण म्हणत आणि आम्ही तो दोनदा म्हणत असू. सर्वांत मागे पडलेल्या मुलाचा स्वर कानी येईपर्यंत ते पुढचा चरण उच्चारीत नसत. पुढे गेलेले आम्ही तेवढ्या वेळात तोच चरण मनात घोळवीत राहत असू. आज जे काही मला मुखोद्गत आहे, ते बहुतेक त्या थांबलेल्या क्षणांतच मुरलेले आहे. या चकचकीत पडद्यासमोर तीच गोष्ट मला पुन्हा दिसेल असे कधी वाटले नव्हते.

पुढचे काही आठवडे मी माझ्या पद्धतीने परीक्षण केले. खेळात येऊन गेलेले प्रश्न मी आठवड्यानंतर एकेका मुलाला जवळ बसवून तोंडी विचारी. ज्या प्रश्नांवर त्या रिकाम्या वेळात भांडण झाले होते, त्यांची उत्तरे मुलांना कारणांसह आठवत. ज्यांवर भांडण झाले नव्हते, त्यांचा केवळ रंग आठवे. “तो लाल होता ना सर?” असे ती विचारीत. माझा अभिप्राय मनात आकार घेऊ लागला होता.

अशीच एके दिवशी रश्मी माझ्यासमोर येऊन बसली. लहान चणीची, शांत मुलगी. मानखुर्दची तिची शाळा बंद पडली म्हणून दिवाळीनंतर ती इथे आली होती. मी पहिला प्रश्न विचारला. तिने उत्तर दिले. दुसऱ्याचेही दिले.

“खेळात तुझा क्रम कितवा येतो?” मी सहज विचारले.

“मी नाही खेळत, सर.”

“का गं?”

“माझं नाव नाही जात आत. सगळ्यांची झाली की मग टाकते, तेव्हा जागा नाही म्हणतं. श्रुतिकाच्या बाजूला बसते मी. पण बोट तिचंच असतं.” हे सांगताना तिच्या स्वरात तक्रार नव्हती. शाळा बंद पडलेल्या मुलांना तक्रारीची सवय राहत नसावी.

विद्याधरने जाता जाता सांगितलेली ती गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानी आली. वर्गात आता रश्मीला धरून चाळीस मुले होती. पडद्यावर जागाही चाळीसच. त्यांतली एक सम्यकची.

मी दर्शनाबाईंना गाठले. त्यांना ते ठाऊकच होते. ठाऊक नसते तरच नवल.

“दर गुरुवारी ठरवते, सर, की उद्या रश्मीचं नाव घ्यायचं. आणि शुक्रवारी मुलं म्हणतात, थांबा.” त्यांनी पदराने कपाळ टिपले. “माझ्या मोबाईलवर एक बटण आहे. ते दाबलं की शीतलताई गटाबाहेर. एवढंच करायचंय. तुम्ही दाबाल?”

मी मोबाईल हातात घेतला नाही.

त्या आठवड्यात मी मुलुंडच्या त्या केंद्रावर गेलो. अरुंद गाळा, दर्शनी काचेमागे डबे, आत दोन शेगड्या. भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, आणि त्यांच्या पायाशी दप्तर पाठीला लावलेल्या एका हसऱ्या मुलाचे छायाचित्र. मी पायताण बाहेर काढून ठेवले.

“जय भीम, सर,” शीतलताई म्हणाल्या. मी हात जोडून तेच शब्द उच्चारले. दर्शनाबाईंकडून त्यांना माझ्याविषयी कळलेले असावे. त्यांनी मला स्टूल दिले आणि पुन्हा परातीकडे वळल्या. शेजारी चंपाबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांची जीभ लाटण्याहून वेगाने फिरे.

“शुक्रवारी आमच्या शीतलला हाक मारू नका हां, सर. परीक्षेला बसलेली असते. परवा तर गिऱ्हाईक उभं, नि ही विचारते मला, चंपे, झाडं श्वास कुठून घेतात गं? मी म्हटलं, मला इथं घ्यायला फुरसत नाही, झाडांचं काय विचारतेस!”

शीतलताई हसल्या. पिठाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा करायची जागा त्यांनी मला दाखवली. तिथे पिठाची एक रेघ कायमची उमटली होती. “त्या वेळेला उत्तर तो सांगायचा आणि बोट माझं असायचं,” त्या म्हणाल्या. “आता उत्तर पण मलाच शोधावं लागतं. पण नाव त्याचं येतं ना, सर. वर्गात.”

मी बराच वेळ बसून राहिलो. उन्हाविषयी बोललो, भाजीच्या भावाविषयी बोललो. जे बोलायला आलो होतो ते मात्र टाळत राहिलो.

अखेरीस त्यांनीच हात थांबवला. “सर, तुम्ही पोळ्या न्यायला नाही आलात. काय ते बोलून टाका.”

मी सांगितले. चाळीस जागा, आणि मानखुर्दहून आलेली मुलगी.

शीतलताईंनी कणकेचा गोळा उचलला, पुन्हा खाली ठेवला. चंपाबाईंचे लाटणेही थांबले होते.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“एवढे दिवस?” त्यांनी फळीकडे पाहिले. “पोरांना माहीत आहे, कशामुळे तिला जागा नाही ते?”

“असावे.”

“आणि पोरीला?”

“तिलाही.”

“म्हणजे ती पोरगी दर शुक्रवारी माझ्या पोराच्या नावाकडे बघत बसते, आणि मनात म्हणते, हा कशाला येतो.” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “त्याचं नाव कुणाच्या आड आलेलं मला नको, सर. तो कुणाच्या आड येणारा नव्हता.”

“पुढच्या वर्षी संस्था मोठा खेळ घेईल, ताई. मग जागेचा प्रश्नच…”

“पुढच्या वर्षी ही पोरं आठवीत जातील,” त्या म्हणाल्या. “सम्यक सातवीत आहे.”

निघताना त्यांनी कागदात बांधून दोन पोळ्या माझ्या हाती दिल्या. त्या घरी कोणालाच खाववल्या नाहीत.

पुढच्या शुक्रवारी मी नेहमीच्या बाकावर होतो. दर्शनाबाईंचे डोळे सुजलेले होते. शीतलताईंचा निरोप त्यांना सकाळीच आला होता. क्रमांक पडद्यावर आला आणि नावे उमलली.

“थांबा, सम्यक यायचाय,” विकी म्हणाला.

“आज नाही येणार,” दर्शनाबाई म्हणाल्या. “आता रश्मी खेळेल.”

मग श्रुतिका रश्मीकडे वळून समजुतीच्या स्वरात म्हणाली, “ए, तू सम्यक लिही ना नावात. मग दोघं पण खेळाल.”

“हां हां, लिही ना!” दोन-चार जणांना ती युक्ती पटली.

रश्मीने टॅब छातीशी धरला. “नाही. मी रश्मी आहे.”

“भाव खाते,” मागून कोणीतरी पुटपुटले.

“कोण बोललं ते?” दर्शनाबाईंना असे ओरडताना मी तेव्हाच प्रथम ऐकले. नंतर त्या रश्मीच्या बाकाशी गेल्या. “तुझंच नाव लिही, बाळा. तुझंच लिहायचं.”

पडद्याच्या तळाशी ‘रश्मी’ हे नाव उमटले. कोणी “आली, आली” असे म्हटले नाही.

त्या दिवशी खेळ वाऱ्यासारखा धावला. चाळीस बोटे टेकत, सर्व उत्तरे आलेली पाहून यंत्र क्षणात पुढे जाई. घड्याळ एकदाही संपत आले नाही. कोणी भांडले नाही, कारण भांडायला वेळ उरत नव्हता. अर्ध्या तासात सारे प्रश्न संपले, आणि उरलेला वेळ काय करावे हे दर्शनाबाईंना सुचेना. रश्मी पहिल्या पाचांत आली होती. तिने क्रमवारीकडे पाहिले आणि मान खाली घातली. आठवड्यानंतर मी ते प्रश्न विचारले, तेव्हा मुलांना रंग तेवढे आठवले.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी गेलो तो मनात अभिप्रायाचे शेवटचे वाक्य जुळवीतच. खेळ सुरू झाला. पहिल्या प्रश्नाला बोटे टेकली. कोपऱ्यातल्या आकड्याकडे माझे लक्ष गेले. एक उत्तर यायचे उरले होते.

घड्याळ चालत राहिले. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यांवर जे उमटून गेले ते मी विसरणार नाही; सर्वांनी मिळून पडद्याच्या तळाकडे पाहिले, आणि तिथे ते नाव नव्हते.

मग सुबोध हळूच म्हणाला, “मी तांबं दाबलं.”

“तांबं कसं? चुंबकाला तांबं चिकटतं का कधी? माझ्या आजीच्या हंड्याला लावून बघ.”

“तुझी आजी मारेल मला.”

वर्ग हसला, आणि भांडण सुरू झाले. घड्याळ संपत आले तेव्हा ते शेवटचे उत्तर आले. पुढच्या प्रश्नालाही तसेच. त्याच्या पुढच्यालाही. खेळ संपला तेव्हा रश्मीचे नाव क्रमवारीत सर्वांत खाली होते, आणि तिचे एकही उत्तर चुकलेले नव्हते.

मुले पांगल्यावर मी तिच्यापाशी गेलो. “बाळ, उत्तर तुला आधीच ठाऊक होते ना?”

“हो.”

“मग इतका वेळ बोट का धरून ठेवलेस? गुण जातात.”

तिने टॅब पुसून ठेवला. “इथे सगळ्यांना थांबायची सवय आहे ना, सर,” ती म्हणाली, आणि दप्तर घेऊन निघून गेली.

अभिप्राय मी विद्याधरला नेऊन दिला. खेळ शिकवीत नाही, तो थांबतो तेव्हा मुले एकमेकांना शिकवतात. म्हणून सर्वांची उत्तरे आली तरी यंत्राने पुढे जाऊ नये, अशी काही सोय होत असेल तर तो घ्यावा, एरवी घेऊ नये, असे मी लिहिले होते. त्याने पाने चाळली आणि सोबतच्या गुणांच्या तक्त्यावर त्याचे बोट थांबले.

“ही रश्मी कच्ची दिसते, सर. सारखी शेवटी.”

“ती कच्ची नाही,” मी म्हणालो. त्याने मान डोलावली. परंतु त्याचे लक्ष पुढच्या पानावर गेले होते. निर्णय जूनमध्ये होईल असे तो म्हणाला.

परतताना मी पोळीभाजीच्या केंद्रावर थांबलो. शुक्रवार होता, आणि खेळाची वेळ झालेली होती. पिठाच्या डब्यापाशी मोबाईल नव्हता. ती पिठाची रेघ पुसून काढलेली होती. शीतलताई तव्यावर पोळी टाकत होत्या.

“पोरगी खेळते ना, सर?”

“खेळते.”

“आता पटकन उरकत असेल त्यांचं. उगाच माझ्यापायी ताटकळत बसायची बिचारी.”

“नाही,” मी म्हणालो. “पूर्वीइतकाच वेळ लागतो. ती सर्वांत शेवटी उत्तर देते. माहीत असले तरी थांबून देते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग फळीवरच्या छायाचित्राकडे. उलथने हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

“अगं शीतल,” चंपाबाई म्हणाल्या, “पोळी करपली.”

करपल्याचा वास गाळाभर पसरला होता. शीतलताईंनी पोळी उतरवली नाही. चंपाबाईंनीच हात लांब करून शेगडी बंद केली, आणि आम्ही तिघेही काही वेळ तसेच थांबलो.